'रेस' पिक्चर लेकरांना दाखवला, पण एका पोरीच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही

मुरूमट्रॅक (केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यात आमच्या गावात सकाळी पाच ते सात लेकरांचा पळायचा सराव घेतो. क्लास बिस नाही, फुकट घेतो. स्वतः दोनदा पोलीस भरतीला उतरलो, सोळाशे मीटर निघालं पण लेखीत राहिलो, आता शेती अन् दुधाचं बघतो. लेकरं सव्वीस आहेत, अर्धी शाळेतली अन् बाकी भरतीवाले. मैदान म्हणजे गावठाणाची पडीक जागा, मुरूम टाकून दाबलेली, लांब उडीचा खड्डा आम्हीच खांदलाय.

मागच्या रविवारी पावसानं मैदानाचा पार चिखल झाला म्हणून मित्राचा प्रोजेक्टर आणला अन् समाजमंदिरात पांढरी चादर बांधून 'रेस' दाखवला. जेसी ओवेन्स ह्या अमेरिकेच्या काळ्या धावपटूवरचा, २०१६ चा. पिक्चर इंग्रजीत, त्यामुळं मी दर पाच मिनिटाला थांबवून मराठीत सांगायलो, सव्वादोन तासाच्या पिक्चरला चार तास लागले पण एकही लेकरू उठून गेलं नाही. नावाचा अर्थ पण आधीच सांगून टाकला, रेस म्हणजे शर्यत बी अन् वंश बी, म्हणजे माणसाचा रंग बघून त्याला खाली बसवायचं ते.

सगळ्यात जास्त गोंधळ कशावर झाला माहिती आहे का, तो पळायच्या आधी खाली बसून छोट्या खुरप्यावाणी हत्यारानं जमिनीत पाय रोवायला खड्डे करतो त्यावर! तेव्हा ऑलिम्पिकमध्ये पाय टेकवायचे स्टार्टिंग ब्लॉक चालत नव्हते, ट्रॅक कोळशाच्या राखेचा असायचा, खेळाडू आपापले खड्डे आपणच करायचे. आमच्यातला एक पोरगा ओरडलाच, "सर ह्यो तर खुरपं घेऊन आलाय!" दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अकरा लेकरं घरून खुरपं घेऊन हजर. आम्ही मुरुमात खड्डे पाडले, डावा पाय पुढं, उजवा मागं, गुडघा टेकला की पुढच्या पायाच्या बोटांजवळ यायला पाहिजे असं मोजून. एका पोरानं तर आजीचं खुरपं आणलं होतं, मूठ झिजून पार तळहाताच्या आकाराची झालेली.

कोच त्याला शिव्या देणाऱ्या पोरांच्या गलक्यात उभं करून फक्त आपला आवाज ऐकायला लावतो, ते पण लेकरांना लई भिडलं. बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ओवेन्स पहिल्यांदा पाय ठेवतो अन् चहूबाजूनं माणसंच माणसं दिसतात तेव्हा समाजमंदिरात चिडीचूप.

आता प्रश्न. शेवटी काय होतं, चार सुवर्णपदकं घेऊन आलेल्या माणसाच्या सत्काराचं जेवण असतं न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात अन् दारावरचा माणूस त्यालाच सांगतो की पुढच्या दारानं जायचं नाही, मागून नोकरांच्या दारानं जा. तो अन् त्याची बायको तसेच मागून जातात. पिक्चर संपला, मी लाईट लावली. सातवीतली एक पोरगी उठली अन् म्हणाली, "सर, मागून वर गेल्यावर तो जेवला का?"

मी म्हणलं उद्या सांगतो. आज सहा दिवस झाले.

ही पोरगी ऊसतोडीवाल्याची आहे. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, ही आजीपाशी राहते. मागच्या साली आठशे मीटरला तालुक्यात पहिली आली. गावानं सत्कार केला, हार, शाल, फोटो सगळं झालं. मग गावातल्या एका घरी चहाला नेलं. आम्ही सगळे आत बैठकीत, तिला अन् तिच्या बापाला बाहेर ओसरीवर बसवलं. आम्हाला कपबशीत चहा अन् त्या दोघांना कागदी कपात. मी आत बसलेलो होतो. मला दिसलं अन् मी काही बोललो नाही. चहा पिऊन उठलो. पोरीनं तो प्रश्न विचारला तेव्हा मला ती ओसरीच दिसली.

तर जाणकारांनी सांगा, पिक्चरमध्ये दाखवलंय ते खरंच तसं झालं का, का पिक्चरवाल्यांनी वाढवलंय? अन् मी त्या लेकराला काय सांगू? चांगला पिक्चर पुढं कोणता दाखवावा ते पण सांगा.

लातूर टॉकीज

सर, आधी एक सांगतो, तुम्ही खुरप्याचं लिहिलंय ते वाचून मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला. मी हा पिक्चर तीनदा बघितला पण ते हत्यार माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता खरं-खोटं. हॉटेलचं खरं आहे. हॉटेलचं नाव वॉल्डॉर्फ अस्टोरिया. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली, वरून कागदाचे तुकडे उधळले, अन् त्याच मिरवणुकीनंतर स्वतःच्याच सत्काराला जाताना त्याला सामान न्यायच्या लिफ्टनं वर जावं लागलं. गंमत बघा... नाही, गंमत नाही म्हणायचं ह्याला. कॉलेजात असताना त्याला शिष्यवृत्ती नव्हती, कॅम्पसवर राहायची परवानगी नव्हती, पोटासाठी लिफ्ट चालवायचं काम केलं होतं त्यानं. अन् ऑलिम्पिक जिंकून आल्यावर परत लिफ्टच, ती पण सामानाची.

पदकं तर रेकॉर्डवरच आहेत. बर्लिन, ऑगस्ट १९३६. १०० मीटर १०.३ सेकंद, २०० मीटर २०.७, लांब उडी ८.०६ मीटर अन् ४ x १०० रिले ३९.८. तुमच्या लेकरांना त्याच्या आदल्या वर्षीचं सांगा, २५ मे १९३५, ॲन आर्बर गावात पाऊण तासाच्या आत तीन विश्वविक्रम मोडले अन् चौथ्याची बरोबरी केली, ते पण काही दिवस आधी जिन्यावरून पडून पाठ धरलेली असताना. त्या दिवशी लांब उडी फक्त एकच मारली, ८.१३ मीटर, अन् ती २५ वर्षं कुणाला ओलांडता आली नाही. तुमच्या खड्ड्यापाशी टेप धरून ८.१३ वर एक खुंटी ठोका, लेकरं आपोआप समजतील.

जे जरा वेगळं आहे ते असं. एक, हिटलरनं त्याच्याशी हात मिळवला नाही ही गोष्ट सगळीकडं सांगतात. पहिल्या दिवशी हिटलरनं मोजक्या विजेत्यांना भेटून हात मिळवला, मग ऑलिम्पिक समितीनं सांगितलं की भेटायचं तर सगळ्यांना भेटा नाहीतर कुणालाच नको. त्यानं कुणालाच नको हे धरलं. ओवेन्स स्वतः म्हणायचा की मला हिटलरनं नाही, माझ्याच राष्ट्राध्यक्षानं डावललं. रूझवेल्टनी ना व्हाइट हाऊसला बोलावलं ना साधी तार केली.

दोन, पिक्चरमध्ये लांब उडीतला त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी लुझ लाँग ओवेन्सला उडी कुठून घ्यायची ते सांगतो. दोघांची मैत्री खरी, उडी झाल्यावर सगळ्या स्टेडियमसमोर पहिलं अभिनंदन लाँगनंच केलं हे पण खरं, पण तो पात्रता फेरीतला सल्ला झालाच नाही असं अभ्यासकांचं म्हणणं आहे अन् ओवेन्सनं पण नंतर ते कबूल केलं होतं. लाँग १९४३ मध्ये युद्धात सिसिलीत गेला.

रिलेचं मात्र तंतोतंत खरं. मार्टी ग्लिकमन अन् सॅम स्टोलर ही दोन ज्यू पोरं ऐनवेळी शर्यतीच्या दिवशी सकाळी टीममधून काढली अन् त्यांच्या जागी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफला घेतलं.

आता तुमच्या पोरीच्या प्रश्नाकडं येतो, कारण पिक्चर हॉटेलच्या दारात संपतो पण जेवणाची खरी पंचाईत तिथून पुढं सुरू झाली. ऑलिम्पिक संपल्याबरोबर अमेरिकेच्या ॲथलेटिक संघटनेनं खेळाडूंना युरोपात गावोगाव पळवायला सुरुवात केली, पैसा संघटनेला. हा थकला, घरी यायला निघाला तर त्याला बंदीच घातली. वय बावीस! त्यानंतर तो अधिकृत स्पर्धेत कधीच पळाला नाही. पेट्रोल पंपावर काम केलं, ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं ते बुडालं, अन् पैशासाठी घोड्याबरोबर शर्यती लावल्या. लोक म्हणायचे ऑलिम्पिकवाल्याला हे शोभत नाही, तर त्याचं म्हणणं एवढंच होतं की चार सुवर्णपदकं आहेत पण ती काय खाता येत नाहीत.

म्हणजे "जेवला का" हा प्रश्न त्या लेकरानं अगदी बरोबर जागी विचारलाय. देशानं त्याला मोठा नागरी सन्मान दिला तो १९७६ साली, चाळीस वर्षांनी. १९८० ला तो वारला.

मुरूमट्रॅक

लातूर टॉकीज दादा, लई उपकार. खुंटी आजच ठोकली, ८.१३ वर. आमच्या खड्ड्याची लांबीच तेवढी नाही, खड्ड्याच्या बाहेर गवतात ठोकावी लागली. लेकरं गप्प उभी राहून बघायलेत.

घोड्यांचं मला माहिती नव्हतं. ते लेकरांना सांगू का नको हाच विचार करायलोय.

जिंतूरची बाई

सर, सांगा. लपवू नका. मी परभणी जिल्ह्यात खेळाची शिक्षिका आहे, एकोणीस वर्षं झाली. आपण लेकरांना फक्त पदक मिळालं तिथपर्यंतची गोष्ट सांगतो अन् मग ती मोठी होऊन बाहेर पडली की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आपण जिंकलो तरी लोक असं का वागतात.

तुमच्या त्या पोरीसाठी मला दोन नावं सांगायची आहेत कारण ह्या सगळ्या पिक्चरमध्ये पोरी कुठंच नसतात. टिडी पिकेट अन् लुईस स्टोक्स. दोघी काळ्या, दोघी धावपटू. १९३२ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या रिले टीममध्ये निवडल्या गेल्या. टीम रेल्वेनं निघाली, वाटेत डेन्व्हरला मुक्काम पडला, हॉटेलात टीमसाठी मोठं जेवण ठेवलेलं. बाकीच्या पोरी खाली हॉलमध्ये जेवल्या अन् ह्या दोघींना वरच्या मजल्यावर एका बाजूच्या छोट्या खोलीत ठेवलं, ताट तिथंच पाठवून दिलं. पुढं लॉस एंजेलिसला पोचल्यावर रिलेमधून दोघींना काढून गोऱ्या पोरी घेतल्या. दोघी प्रेक्षकांत.

चार वर्षांनी बर्लिनला दोघी परत निवडून आल्या. बघा सर, परत! स्टोक्सला तेव्हाही पळू दिलं नाही. पिकेट ८० मीटर हर्डल्सच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, सेमीफायनलला पोचली, पाय हर्डलला लागला, पायाचं हाड मोडलं. पदक नाही. पण ऑलिम्पिकमध्ये उतरलेली ती पहिली काळी अमेरिकन बाई. नंतर ती शिकली, शाळेत मुख्याध्यापिका झाली, वीस वर्षांच्या वर एक शाळा चालवली अन् ती निवृत्त झाली तेव्हा त्या शाळेला तिचंच नाव दिलं.

मी ही गोष्ट आमच्या खो-खोच्या पोरींना सांगते दरवर्षी. पोरी हर्डलचं विचारत नाहीत, पदकाचं विचारत नाहीत, हमखास एकच विचारतात की बाई त्या दोघी एका खोलीत होत्या ना, मग बोलत असतील की. हो बाळांनो, दोघी होत्या. एकटी नव्हती कुणी.

तुमची पोरगी ओसरीवर बापाबरोबर होती, पण तुम्ही आत होतात. राग मानू नका, मोठी बहीण म्हणून लिहिते. तिच्या शेजारी जाऊन बसला असतात तर तिला आज हा प्रश्न तुम्हाला वेगळ्या तऱ्हेनं विचारता आला असता.

भरती २०२५

सर मी गेवराईचा आहे, भरतीची तयारी करायलोय. मला वाटतं एवढ्या खोलात जाऊ नका. लेकरांना पळू द्या. जात-बित मधी आणली की ग्रुप फुटतो, आमच्या इथं फुटला. आठ जण सोबत पळायचो, एका पोस्टवरून भांडण झालं, आता दोन टोळ्या अन् दोन वेळा.

आपल्या बीडचं उदाहरण द्या ना, अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळेला सहा किलोमीटर पायी जाणारं लेकरू, बारावी झाल्यावर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये, सियाचिनला ड्युटी केली, अन् मग स्टीपलचेस, म्हणजे अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची लांब शर्यत. बर्मिंगहॅमला २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये ८:११.२० मध्ये रौप्य, सोनं हुकलं ०.०५ सेकंदानं. केनियाच्या पोरांनी त्या शर्यतीत दुसऱ्या कुणाला शिरू दिलं नव्हतं वीस-पंचवीस वर्षं, त्यांच्यात घुसून काढलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. आपल्याच मातीतला माणूस आहे, पाणी नाही त्या भागातला. ते ऐकलं की पायात बळ येतं. मागच्या दाराचं ऐकून पाय जड होतात असं माझं मत.

नागसेनवनचा जुना विद्यार्थी

गेवराईच्या भाऊ, साबळ्यांचं सांगाच, मी पण सांगतो. पण पाय कुणाचे जड होतात? ज्याला पुढच्या दारानं जायची सवय आहे त्याला ते ऐकून नवल वाटतं. ज्याला मागचंच दार माहिती आहे त्याला पहिल्यांदा कळतं की हे नुसतं आपल्याच गावात नाही अन् ह्यावर पिक्चर निघतात. माझे पाय तरी हलके झाले होते.

माझं वय आता साठीच्या पुढं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, मिलिंद कॉलेजात शिकलो. त्याच्या आधी गावात कबड्डी खेळायचो. आमच्या टीममध्ये मी रेडर, चांगला होतो. नामांतराच्या चळवळीचे दिवस, ७८-७९ साल असेल. शेजारच्या गावी सामना जिंकला. सामना झाल्यावर पाण्याचा हंडा आला, सगळ्यांनी तांब्यानं पाणी घेतलं, माझी पाळी आली तेव्हा तांब्या धरणाऱ्यानं हात उंच केला अन् वरून ओतलं. मी ओंजळ धरली. अर्धा तास आधी त्याच माणसानं मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. अंगाला अंग लागलेलं चाललं, तांब्याला ओठ चालला नाही. पाणी कोपरावरून खाली गळत होतं ते मला आजही जाणवतं. मी प्यालो, तहान लागली होती. मग कितीतरी दिवस स्वतःवरच राग, का प्यालो म्हणून.

नंतर मिलिंदच्या लायब्ररीत जुन्या काळातले क्रिकेटपटू पळवणकर बाळूंबद्दल वाचलं. सर, तुमच्या लेकरांना अमेरिकेइतकंच हे पण सांगा. चर्मकार समाजातला माणूस, पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचा, नेटमध्ये साहेबांना तासन् तास बॉल टाकायचा, तिथंच डावखुरी फिरकी अशी घोटली की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याला घेतल्याशिवाय इलाज राहिला नाही. घेतलं तर मैदानावर त्यानं हात लावलेला तोच बॉल सगळे झेलायचे, पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये कपात चहा घेणार अन् बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन फोडून टाकायचं. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. तुमचा कागदी कप म्हणजे त्याच मातीच्या भांड्याचा नातू आहे.

१९०६ ला मुंबईत हिंदूंच्या टीमनं युरोपियनांच्या टीमला १०९ धावांनी हरवलं त्यात बाळू होते. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, ११४ विकेट घेतल्या, बाकीची टीम हरत असताना. तरी कॅप्टन कधीच केलं नाही. पुढं १९२३ ला त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला, ते पण वर्षानुवर्षं भांडून, लोकांनी आवाज उठवून.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळे त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर ओवेन्सपाशी शोधायलात. तो जेवला तर लाचार अन् नाही जेवला तर स्वाभिमानी, असं होतं मग. मी पाणी प्यालो म्हणून चाळीस वर्षं स्वतःला खात राहिलो. पाहुण्याला कशाला विचारता? ज्यानं बोलावलं त्याला विचारा, वरती हॉलमध्ये शेकडो माणसं बसली होती, त्यातल्या एकानं तरी खाली येऊन त्याच्याबरोबर त्या लिफ्टनं जावं असं का वाटलं नाही.

लातूर टॉकीज

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यानं पिक्चर परत लावून बघितला. पिक्चरमध्ये त्याचा कोच लॅरी स्नायडर दारावरच्या माणसाशी भांडतो, पण ओवेन्सच त्याला आवरतो अन् तुम्ही पुढून जा म्हणतो. मग मागच्या वाटेवर लिफ्टवरचं गोरं पोरगं ओवेन्सची सही मागतं. तीनदा बघून मला तो प्रसंग गोड वाटायचा. आता वाटतं तो त्या हॉलमधल्या सगळ्यांच्या वतीनं एका लेकरावर टाकलेला भार आहे.

सर, पुढचा पिक्चर विचारला होता ना, '४२' दाखवा, २०१३ चा. जॅकी रॉबिन्सन, १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरला, तोपर्यंत साठ वर्षं तिथं एकही काळा खेळाडू नव्हता. बेसबॉल लेकरांना कळणार नाही म्हणून आधी दहा मिनिटं फळ्यावर काढून दाखवा, चार बेस, बॉल मारून पळायचं अन् परत घरी यायचं. त्यात एका मॅचमध्ये समोरच्या टीमचा मॅनेजर सारखा शिव्या देतो, तो भाग फार वाईट आहे, आवाज बंद करू नका पण आधी सांगून ठेवा. ४२ हा त्याचा नंबर, १९९७ पासून त्या लीगमध्ये कुठल्याच टीमनं तो कुणाला नव्यानं दिलेला नाही.

अन् दोन्ही पिक्चर जोडणारा एक माणूस आहे. बर्लिनला २०० मीटरला ओवेन्सच्या मागं ०.४ सेकंदानं दुसरा आला तो मॅक रॉबिन्सन, जॅकीचा सख्खा मोठा भाऊ. रौप्यपदक घेऊन पॅसाडेनाला घरी आला अन् त्याला काम मिळालं रस्ते झाडायचं. ऑलिम्पिकचं जॅकेट अंगावर घालून झाडायचा तो.

मुरूमट्रॅक

सगळ्यांचं वाचलं. ताई, राग नाही, तुम्ही लिहिलं ते खरंच आहे. काका, तुमचं वाचून मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

काय झालं ते लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी त्या घरी गेलो. मालक वयानं मोठे, माझ्या वडलांच्या उठण्याबसण्यातले. ओसरीवरच बसलो, आत या म्हणाले तरी नाही गेलो. म्हणलं काका, त्या दिवशी पोरगी इथं बसली होती म्हणून मी इथंच बसतो. ते गप्प झाले, मग पावसाचं काढलं, सोयाबीनचं काढलं. त्यांच्या सुनेनं चहा आणला, मला कपबशीतच. मी म्हणलं वहिनी, पुढच्या वेळेला सगळ्यांना एकाच कपात नाहीतर मला पण कागदाचा. तिनं सासऱ्याकडं बघितलं अन् आत गेली. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डेअरीवर भेटले तर नमस्कार घेतला पण थांबले नाहीत. पुढं काय होईल ते होईल.

रविवारी शेवटची दहा मिनिटं परत लावली अन् लेकरांना सगळं सांगितलं. लिफ्ट खरी होती, तो वर गेला, सत्कार घेतला. मग घोडे, पेट्रोल पंप, ड्रायक्लीनिंग. टिडी पिकेट अन् लुईस स्टोक्सची खोली. बाळूंचं मातीचं भांडं. अन् मग तुमच्या सगळ्यांच्या भाषेत नाही, माझ्या भाषेत सांगितलं की मागच्या साली चहा प्यायला गेलो तेव्हा मी आत बसून राहिलो ते चुकलं. सव्वीस लेकरांसमोर म्हणलं. पोरगी खाली बघायली, नखानं चादरीचा दोरा ओढायली.

लेकरांची भांडणं जुंपली. अर्धे म्हणले त्यानं तिथूनच परत जायला पाहिजे होतं, अर्धे म्हणले कामून, सत्कार त्याचा, जेवण त्याचं, पळला तो. भरतीवाले पोरं पण भांडायले. गेवराईच्या भाऊ, ग्रुप फुटला नाही अजून तरी, सोमवारी सव्वीसचे सव्वीस आले. साबळेंची बर्मिंगहॅमची शर्यत पण मोबाईलवर दाखवली, तुमचं पण बरोबर होतं.

पोरीला मी मुद्दाम काही विचारलं नाही. सगळे निघाले तशी ती चादर सोडवायला मागं थांबली. घडी घालता घालता म्हणाली, "सर, त्या दिवशी पप्पांनी चहा पिला नव्हता. कप तसाच खाली ठेवला. मी दोन्ही पिले, मला भूक लागली होती." मी म्हणलं बरं केलंस. ती म्हणाली, "तो पण जेवला असंल. पळून पळून भूक लागती."

ताई, एक विनंती, टिडी पिकेटचा हर्डल्सचा एखादा फोटो मिळाला तर इथं टाका. पोरी विचारायल्यात. अन् हर्डल घरी कसं करायचं ते पण सांगा, बांबूचं होईल का? पोरगी म्हणती आठशे सोडून ऐंशी मीटर हर्डल्स करायचं.

जिंतूरची बाई

फोटो शोधून टाकते. बांबूचं होतं सर, पण आडवी काठी बांधू नका, नुसती खाचेत ठेवा म्हणजे पाय लागला की पडेल, पोरीला लागणार नाही. सुरुवातीला उंची गुडघ्याएवढीच ठेवा. अन् आठशे सोडायला लावू नका, दोन्ही करू द्या.